अकरा दिवस वर

प्रशिक्षण केंद्र, महिला बराक ३
१६ नोव्हेंबर २०२५

समाधान, जय भीम.

आज फोनवर मी नुसतं जेवलास का, आई बऱ्या आहेत का, एवढंच विचारत राहिले, तेव्हा तू वैतागून म्हणालास, "बोलायचं नसेल तर ठेव." बोलायचं होतं रे. पण माझ्यामागे दहा-बारा जणी रांगेत होत्या. आठवड्यातून एकदाच रविवारी मोबाईल हातात मिळतो, तोही हवालदार बाईंच्या टेबलासमोर, दहा मिनिटं. त्यात हे बोलता येण्यासारखं नव्हतं. म्हणून पत्र.

सरळ सांगते. मला अकरा दिवस वर गेलेत. पाच तारखेला यायला पाहिजे होती, आली नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस घरी होते, ते तुला आठवत असतीलच.

खात्री अजून नाही. इथे कॅन्टीनमध्ये साबण आणि बिस्किटं मिळतात, तपासायची पट्टी मिळत नाही. घरून पार्सल आलं तर गेटवर उघडून बघतात, त्यामुळे तू पाठवू नकोस. तीस तारखेला आउटपास आहे, तेव्हा बाहेर जाऊन मेडिकलमधून आणेन. छाया बरोबर येईल. छाया म्हणजे माझ्या शेजारच्या कॉटवरची, नांदगावची. पीटीच्या वेळी मला मळमळलं तेव्हा तीच शेजारी होती, म्हणून तिला सांगावं लागलं.

असलं तर काय, ते तुला माहीत आहे. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलंय. गरोदर राहिली तर बॅच सोडायची, घरी जायचं आणि बाळंतपणानंतर नवीन बॅचमध्ये पहिल्या दिवसापासून सुरू करायचं. माझे चार महिने झालेत, साडेपाच उरलेत. परवा मला स्क्वॉडची लीडर केलं. कवायत शिकवणाऱ्यांना इथे उस्ताद म्हणतात, ते म्हणाले माझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो.

समाधान, असलं तर मला ते ठेवायचं नाही. हे वाक्य दोनदा लिहून खोडलं, आता तिसऱ्यांदा लिहितेय. मूल नको असं नाही. आत्ता नको. तुझं काय म्हणणं आहे ते मला लिही, नीट विचार करून लिही. आणि कळेपर्यंत आईंना सांगू नकोस.

तुझी,
मनाली


नाशिक
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय मनाली,

पत्र काल सेकंड शिफ्टला निघताना मिळालं. अंबडला पोचेपर्यंत बसमध्ये चार वेळा वाचलं. मशीनवर उभा होतो तरी तोंडावरचं हसू जाईना. सनीने विचारलं, काय रे, लॉटरी लागली का. मी म्हटलं, तसंच समज.

तू खोडून लिहिलेलं वाक्य मी मनावर घेत नाही. तिथे सकाळ-संध्याकाळ पळवतात, झोप नाही, माणूस काहीही लिहितं. आईला मी सांगितलं. राहवलं नाही. ती पवननगरहून भाजीची पाटी रिकामी करून आली होती, पाय धूत होती. ऐकून खूप खूश झाली. म्हणाली, पोरीला घेऊन ये, अशा दिवसात माणूस घरात पाहिजे. तिचं मन मोडू नकोस.

वर्दी कुठे पळून जात नाही. पुढच्या बॅचला जा. पण हे एकदा गेलं तर परत येतंच असं नाही. आपल्या कॉलनीत बघ ना, दोन घरी दवाखान्याच्या फेऱ्या चालू आहेत.

आणखी एक. तुमच्या परेडचा फोटो कोणीतरी कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. तू पहिल्या ओळीत आहेस, बाजूला एक जण काखेत छडी धरून उभा आहे. तोच का तो उस्ताद? तुझ्या इतक्या जवळ उभं राहायचं काय कारण? सनीने तो फोटो कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवला. आता मला कंपनीत नाव नाही, "मॅडमचे मिस्टर" म्हणतात. सुपरवायझरसुद्धा.

तुझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो हे मला पोलीस भरतीची तयारी करताना गोल्फ क्लबच्या मैदानावर कधी कळलं नाही. तिथे तर दोन राउंड झाले की तू बसायचीस आणि मी ओढून उठवायचो. गोळा कसा धरायचा हेही मीच शिकवलं. उस्तादाला हे सांगितलंयस का?

ये लवकर. नावाचा विचार मी सुरू केलाय.

तुझाच,
समाधान


महिला बराक ३
२६ नोव्हेंबर २०२५

समाधान,

मी तुला नाव विचारलं नव्हतं. मत विचारलं होतं. आणि आईंना सांगू नकोस म्हटलं होतं, ते तू दोन दिवससुद्धा पाळलं नाहीस.

उस्ताद चोपन्न वर्षांचे आहेत. माझं नाव त्यांना माहीत नसेल, मला "ए नाशिक" म्हणून हाक मारतात, छायाला "ए नांदगाव". जवळ उभे राहतात कारण कोपर वाकलं तर छडी मारायची असते. तुझं समाधान झालं असेल तर हा विषय संपव.

तू लिहितोस पुढच्या बॅचला जा. मग बाळ आठ-नऊ महिन्यांचं असताना मी साडेनऊ महिने इकडे आणि ते तिकडे. आई पाटी घेऊन जाणार, तू शिफ्टला. त्याला कोण बघणार, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. माझ्या डोक्यात रात्रंदिवस तेच आहे.

इथे कायद्याच्या तासाला मला एक कळलं. अशा वेळी डॉक्टरकडे बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. तरी मी तुला विचारतेय, कारण सही नको असली तरी तू हवास. हे नीट वाच.

आणि एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहितेच. तू दोन मार्कांनी राहिलास त्याचं मला वाईट वाटतं. माझ्या निवडीच्या पेढ्यातला एकही पेढा मला गोड लागला नव्हता. पण त्याचा राग या गोष्टीवर काढू नकोस. तुझं वय आहे अजून. फॉर्म भर. निकाल लागल्यापासून तू पुस्तक उघडलेलं नाहीस, हे मला दिवाळीत दिसलं.

तीसचा आउटपास रद्द झाला, तपासणीसाठी मोठे साहेब येणार आहेत. आता चौदा डिसेंबरला. तोवर मला काहीच कळणार नाही. तोवर कोणाला काही बोलू नकोस.

मनाली


नाशिक
१ डिसेंबर २०२५

मनाली,

नवऱ्याची सही लागत नाही, हे तू मला लिहिलंस. पुढचं वाक्य मी वाचलं, पण डोक्यात हेच राहिलं.

दोन मार्कांचा विषय तू काढलास म्हणून मीही एक काढतो. निकालानंतर विहाराच्या चौकात तुझा बॅनर लागला. बांधला कोणी? मी. शिडीवर मी चढलो होतो. खाली शुभेच्छुकांची सतरा नावं, त्यात शेवटी माझं. बॅनर बांधून खाली उतरलो तर पोरं म्हणाली, समाधानभाऊ, वहिनीचा एक कोपरा खाली आलाय, वर चढा. मी परत चढलो.  तू त्या वेळी भाषण करत होतीस आणि भाषणात म्हणालीस, माझ्या कुटुंबाने साथ दिली. कुटुंबाने. पाच वर्षं रोज सकाळी स्टॉपवॉच घेऊन तुझ्याबरोबर कुटुंब पळत होतं का?

मी रागात नाही. मला काळजी आहे. तुम्हाला दोरीवर चढवतात, भिंतीवरून उड्या मारायला लावतात, हे तूच सांगितलंस. त्यात पोटाला काही झालं तर जबाबदार कोण? तू सांगत नाहीस, छाया सांगत नाही. तिथल्या कोणाला तरी माहीत असायला पाहिजे. बाप म्हणून मला एवढंही वाटू नये का?

तू मला विचारतेस असं म्हणतेस. पण तुझं ठरलेलं आहे.

समाधान


नाशिक
८ डिसेंबर २०२५

प्रिय मनाली,

मागचं पत्र जरा कडक झालं, विसर. तुझं उत्तर नाही आणि काल रविवार असून फोनही नाही, म्हणून जीव लागून राहिला आहे. सगळं ठीक आहे ना? तब्येत कशी आहे? तिथले अधिकारी काही बोलले का? मॅडमनी बोलावलं वगैरे होतं का? सहज विचारतोय. घरी यायचं ठरलं तर मी सुट्टी टाकून घ्यायला येईन, एकटी येऊ नकोस.

इकडे थंडी पडली आहे. आईने तुझ्यासाठी गोधडी काढून उन्हात घातली.

तुझाच,
समाधान


महिला बराक ३
१२ डिसेंबर २०२५

समाधान,

मॅडमनी बोलावलं होतं. तू विचारलंस म्हणून सगळं क्रमाने सांगते.

शुक्रवारी, पाच तारखेला, परेड चालू असताना मला ऑफिसमध्ये बोलावलं. आमच्या इन्स्पेक्टर मॅडम टेबलामागे, समोर एक उघडलेला लिफाफा.

"पगारे, बस."

मी उभीच राहिले.

त्यांनी कागद वाचून दाखवला. सदर प्रशिक्षणार्थी गरोदर असून ती माहिती लपवून प्रशिक्षण घेत आहे. तिच्या व पोटातील जिवाच्या हितासाठी तिला तात्काळ घरी पाठवावे. खाली, एक हितचिंतक.

"खरं आहे?"

"माहीत नाही, मॅडम."

"माहीत नाही म्हणजे काय?"

"दिवस वर गेलेत. तपासायला बाहेर जाता आलं नाही."

"मग माझ्याकडे का आली नाहीस?"

 तुझं मत काय येतंय त्याची मी वाट बघत होते, हे त्यांना कसं सांगणार.

त्या ओरडल्या नाहीत. त्या दिवसापासून माझं मैदान बंद केलं. सोमवारी दोन हवालदार बाईंबरोबर सरकारी गाडीतून दवाखान्यात पाठवलं. गाडी मैदानाच्या कडेने जाते. साडेतीनशे पोरी परेड करत होत्या, सगळ्यांनी बघितलं. संध्याकाळपर्यंत पूर्ण बराकीत झालं होतं. काही जणी मला बसायला जागा द्यायला लागल्या, काही जणी बघून हसायला लागल्या. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी फोनच्या रांगेत आले नाही, कारण मैदान बंद झाल्यापासूनच पोरी काय झालं म्हणून विचारत होत्या.

लघवी तपासली. रक्त तपासलं. सोनोग्राफी केली. काही नाही. मी गरोदर नव्हते, समाधान. डॉक्टर बाईंनी विचारलं, किती किलो उतरलीस? म्हटलं, सहा. म्हणाल्या, अशा ट्रेनिंगमध्ये असं होतं, दरवर्षी तुमच्या केंद्रातल्या पाच-सहा जणी येतात. बुधवारी मला आली. बाथरूममध्ये दार लावून मी रडले. जे नको म्हणून भांडत होते ते नव्हतंच, तरी रडले. का ते मला सांगता येत नाही.

लीडर आता दुसरी आहे, साताऱ्याची. मी लपवलं म्हणून काढलं. ते बरोबरच आहे.

मॅडमनी तो कागद माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "अक्षर ओळखतेस?" मी बघितलं आणि नाही म्हणाले.

आता मी तुला विचारते. तुला काय वाटतं, कोणी लिहिलं असेल?

मनाली


नाशिक
१६ डिसेंबर २०२५

प्रिय मनाली,

वाचून सुन्न झालो. सगळ्यांसमोर तुला गाडीत घालून नेलं, असं करायला नको होतं.

कोणी लिहिलं, याचा मी खूप विचार केला. तुला सांगायला जड जातंय, पण मला वाटतं आईनेच कोणाकडून तरी लिहून घेतलं असेल. तिचा नातवात फार जीव होता. म्हातारं माणूस, तिला परिणाम काय कळणार. मी तिला विचारलं नाही आणि तूही विचारू नकोस, उगाच घरात वाईटपणा येईल. झालं ते झालं. आता काहीच नाही म्हटल्यावर विषयही संपला.

जेवत जा. सहा किलो म्हणजे फार झाले.

तुझाच,
समाधान


महिला बराक ३
२२ डिसेंबर २०२५

समाधान,

काल रविवार होता. माझी दहा मिनिटं मी तुला दिली नाहीत, आईंना दिली. त्यांच्या साध्या फोनवर लावला. तू झोपला असशील, रात्रपाळी होती तुझी.

मी त्यांना चिठ्ठीचं काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, आई, तुम्हाला वाईट वाटलं असेल ना, नव्हतं म्हणून. त्या म्हणाल्या, "मला कशाचं वाईट वाटायचं. मी तर त्याला त्याच दिवशी म्हणले, पोरीला तिकडंच राहू दे, वर्दी घालून येऊ दे, पोरं काय पुढं होतील. त्यानं तुला कळवलं नाय का?"

नाही कळवलं. तू मला लिहिलंस, आई म्हणते घेऊन ये.

ज्या बाईने तुला तसं सांगितलं, तिच्या तोंडी तू तुझं वाक्य घातलंस. मग माझ्या बदनामीची चिठ्ठीही तिच्याच नावावर घातलीस, कारण तिला लिहिता-वाचता येत नाही, ती कधी कागद बघून म्हणणार नाही की हे माझं नाही.

अक्षर मी मॅडमच्या हातात असतानाच ओळखलं होतं. अक्षर वाकडं काढलं होतंस, पण रफार कुठे द्यायचा ते तुला अजून येत नाही. तू "प्रशिक्षर्णाथी" लिहितोस. विहाराच्या अभ्यासिकेत मी तुला शंभरदा सांगितलंय. आणि लिफाफ्यावर नाशिकरोडचा शिक्का होता. मला बघायचं होतं, तू कबूल होतोस का.

आज सकाळी मी मॅडमकडे गेले आणि सांगितलं, त्या दिवशी मी खोटं बोलले, अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे. त्या म्हणाल्या, "तक्रार द्यायचीय?" म्हटलं, नाही. "मग आलीस कशाला?" म्हटलं, तुम्ही बराकीतल्या पोरींवर संशय घेत होतात, त्या सुटाव्यात म्हणून.

इथे भेटीच्या रविवारी छायाचा नवरा येतो. साधा माणूस आहे, ट्रॅक्टर चालवतो, डब्यात लाडू आणतो आणि तिच्या बुटांना पॉलिश करून देतो, सगळ्यांसमोर. मला छायाचा हेवा वाटतो. वाटतो म्हणजे इतका की त्या दिवशी मी तिच्याशी नीट बोलत नाही. बघ, हेवा मलाही माहीत आहे. पण मी तिच्या घरी चिठ्ठी नाही पाठवली.

आता लिहिलंस तर खरं लिही. नाहीतर लिहू नकोस.

मनाली


नाशिक
२७ डिसेंबर २०२५

मनाली,

चिठ्ठी मीच लिहिली. एक तारखेला तुला पत्र लिहिलं आणि तसाच बसून दुसरं लिहिलं. दोन्ही एकाच पेटीत टाकायला हात होईना, म्हणून तुझं पाथर्डी फाट्यावर टाकलं आणि ते टाकायला नाशिकरोडपर्यंत गेलो. म्हणजे रागाच्या भरात झालं असंही मला म्हणता येत नाही. एक तास बसमध्ये होतो. परत फिरता आलं असतं.

आईचं नाव घेतलं ते आज आईला सांगितलं. भाकरी थापताना तिने ऐकलं.  माझं ताट वाढलं आणि स्वतः न जेवता ओट्यावर जाऊन बसली.

तू खरं लिही म्हणालीस, तर सगळंच लिहितो. निकालाची यादी मोबाईलवर आली तेव्हा आपण अभ्यासिकेत होतो. मी आधी माझं नाव शोधलं. नव्हतं. मग तुझं शोधायला लागलो आणि मनात आलं, हिचंही नसू दे. एवढंसंच आलं. मग तुझं नाव दिसलं, मी तुला उचललं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते उचलणं खोटं नव्हतं. पण आधी मनात आलं ते पण खोटं नव्हतं.

मशीनपुढे उभा असलो की मी तुझा दिवस मोजतो. आता पीटी, आता परेड, आता कायद्याचा तास. लोकांना वाटतं बायकोच्या आठवणीत आहे. तसं नसतं. तू रोज काहीतरी नवीन शिकतेस आणि मी पाच वर्षं त्याच मापाच्या रिंगा काढतोय. दिवाळीत तू आलीस तेव्हा तुझे खांदे रुंद झाले होते. तू मला जवळ घेतलंस आणि मला वाटलं, ही माझ्यापेक्षा ताकदवान झाली.

तुझं पहिलं पत्र वाचून बसमध्ये मी हसत होतो, ते बाळासाठी नाही. आता ही परत येईल, म्हणून हसत होतो. बाळ नंतर आठवलं. मूल मला हवं आहे, खरंच हवं आहे. पण चिठ्ठीत "पोटातील जीव" असं लिहिलं तेव्हा मी त्याचा विचार करत नव्हतो. तू काही नाही म्हणून कळवलंस, त्या दिवशी मी वाईट वाटायची वाट बघत राहिलो. आधी आली ती भीती, की आता हिला चिठ्ठीचं कळणार.

उस्तादाचं मी उगाच काढलं. तो चोपन्नचा आहे हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. कारण मला तो कधी खुपतच नव्हता. खुपत होतीस ती तू.

माफी मागायची कशी ते कळत नाही, म्हणून मागत नाही. तू सांगशील ते ऐकेन.

समाधान


नाशिक
१८ जानेवारी २०२६

मनाली पोरी, जय भीम.

मी कलाबाई सांगते आन समाधान लिहितो. मी बोलेन तसंच लिहायचं, एक शब्द गाळला तर भागीबाईच्या नातीकडून वाचून घेईन, असं त्याला बजावलंय.

तू तीन आठवडे ह्याला उत्तर दिलं नाय. नको देऊ. पण मला तुला एक सांगायचंय, ते मी कोणाला सांगितलेलं नाय. ह्याला बी नाय.

मला पण एकदा कागद आला होता. दवाखान्यात आया म्हणून. कायमची जागा. लिहिता येत नव्हतं तरी घेत होते तवा, मी दोन वर्षं तिथं बदलीवर फरशा पुसलेल्या. तुझे सासरे रोजंदारीवर गोण्या उचलायचे. माझ्या हातात कायमचा कागद बघून त्या माणसाचं तोंड उतरलं, ते मला आज बी दिसतं. म्हणाले, पोट घेऊन कुठं जाशील, जिने चढशील उतरशील, पोराला काय झालं म्हंजे. मला पाचवा महिना होता. मी नाय गेले.

पोटात कोण होतं ते लिही, म्हणले मी ह्याला. हात थांबलाय त्याचा.

मी होतो.

लिहिलं त्यानं. तर ती जागा भागीबाईला मिळाली. पलीकडच्या गल्लीतली, तुला ठावं हाय. आता तिला पेन्शन हाय, बसून खाती, आन मी अजून पाटी उचलते. बाई लय चांगली हाय, माझ्या आजारपणात रात्र-रात्र बसली. तरी तिला बघितलं की तीस वर्षं माझ्या पोटात दुखतंय. ते कमी होत नाय. म्हणून सांगते, घरी यायचं नाव काढू नको. कोणी बी म्हणलं तरी. मी म्हणले असं कोणी म्हणलं तरी.

ह्याच्या बापानं केलं ते तोंडावर केलं. ह्यानं पाठीमागून केलं. मी त्याला तेवढंच बोलले. तू त्याला सोड असं मी म्हणत नाय, धर असं बी म्हणत नाय. माझा पोरगा हाय, मला सोडता येत नाय. तुझं तू बघ.

परेड बघायला मी येणार हाय. ह्याला संगं आणायचं का एकटी येऊ, तेवढं कळव. एकटी बी येईन, गाडीत बसवून दिलं म्हंजे झालं.

कलाबाई
(लिहिणार : समाधान)


महिला बराक ३
१२ एप्रिल २०२६

समाधान, जय भीम.

आईंच्या पत्रानंतर आलेली तुझी तिन्ही पत्रं मिळाली. वाचली. उत्तर दिलं नाही, कारण दर वेळी लिहायला बसले की तेच ते येत होतं आणि मला त्याच्यात अडकून बसायचं नव्हतं. पेपर होते, फायरिंग होतं. आता सगळं झालं. कायद्यात मी बॅचमध्ये चौथी आहे. लीडर सातारकरच राहिली, चांगली आहे ती. मी दुसऱ्या ओळीत आहे.

आई दर रविवारी फोनवर तुझं काही सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. मागच्या रविवारी मात्र आपणहून म्हणाल्या, की तू फॉर्म भरलास आणि अभ्यासिकेत परत जायला लागलास. मला बरं वाटलं. पण लगेच मनात आलं, हे मला कळावं म्हणून तर करत नसेल? आधी असं माझ्या मनात येत नसे. आता येतं. किती दिवस येत राहील ते मला माहीत नाही आणि तुला खोटा दिलासा द्यायचा नाही.

मुलाबद्दल नंतर बोलू. पोस्टिंग कुठे मिळतंय ते कळल्यावर, समोरासमोर बसून. बोलू, एवढंच आज लिहिते. सुट्टीत आधी मी माझ्या आईकडे जाणार आहे. तिथून घरी यायचं की नाही ते तिथे गेल्यावर ठरवेन.

दीक्षांत परेड तीस तारखेला आहे. सकाळी सात वाजता. एका पासावर दोन नावं लिहायची असतात. पहिलं आईंचं लिहिलं. दुसऱ्यापाशी पेन दोन दिवस थांबलं होतं. छाया म्हणाली, कोरं ठेव. मी तुझं लिहिलं आहे. पास सोबत आहे.

आईंना सावलीत बसव, ऊन फार असतं. पाण्याची बाटली आत नेऊ देतात.

परेडमध्ये आम्हाला मंचाकडे सोडून कुठेही मान वळवता येत नाही. त्यामुळे तू आलास की नाही, ते मला शेवटपर्यंत कळणार नाही. तू मात्र दीड तास मला बघत असशील. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत असतील. तेव्हा तुला काय वाटेल, ते आधी स्वतःला विचार आणि मग ये.

मनाली